लहरीच्या पोटात लहर

मालगुंडचा समुद्र दोघांच्या तंत्राने चालतो. एक चंद्र, दुसरा सूर्य. चंद्र साधारण १२ तास २५ मिनिटांनी पाणी चढवतो, सूर्य १२ तासांनी. चंद्राचा जोर मोठा, सूर्याचा त्याच्या निम्म्याहून थोडा कमी. पण दोघेही हट्टी. आपली वेळ कोणीच सोडत नाही. पंचवीस मिनिटांची ही तफावत भरतीगणिक साठत जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दोघांचा रेटा एकाच वेळी लागतो आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला एक चढवत असतो तेव्हा दुसरा उतरवत असतो, आणि मग येते भांगाची भरती, आली काय न आली काय अशी. उधाणापासून उधाणापर्यंत पावणेपंधरा दिवस. इथल्या माणसाला या हिशेबाचं काही नवल वाटत नाही. तिथी कुठली एवढं कळलं की होडी कधी लोटायची, कालवं काढायला कधी जायचं, खाडी कुठून चालत ओलांडता येईल, सगळं त्याच्या जिभेवर असतं. कोकणात पंचांग भविष्यासाठी कमी आणि पाण्यासाठी जास्त पाहिलं जातं, असं माझं तरी मत आहे.

मालगुंड माझं आजोळ. गणपतीपुळ्याची गर्दी मागे टाकून जयगडच्या वाटेला लागलं की लगेच येणारं गाव. बाहेरच्यांना ते केशवसुतांचं जन्मगाव म्हणून माहीत; मला ते पडवीत पसरलेल्या आंब्यांच्या वासाचं गाव म्हणून. हल्ली मे महिन्यात तिकडे जाताना मी सोबत एक पेटी नेतो. दोन ऑसिलेटर असलेला छोटा ॲनालॉग सिंथेसायझर आहे तो. कळफलक नाही, वर नुसते नॉब आणि वायरी खोचायची भोकं. त्यामुळे वाद्य म्हणून त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि करून दिल्यावरही समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका राहतेच.

ऑसिलेटरची गंमत अगदी साधी आहे. एका कपॅसिटरमध्ये वीज भरत जाते, ठरलेल्या पातळीला पोचली की तो झटक्यात रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो. भरणं, ओसरणं, भरणं. सेकंदाला ४४० वेळा हे घडलं की स्पीकरमधून एक सरळसोट, करवतीच्या धारेचा सूर येतो. दुसरा ऑसिलेटर त्याच सुरावर आणायचा. नॉब हळूहळू फिरवत गेलं की आधी दोन वेगळे सूर ऐकू येतात, मग ते एकमेकांना घासू लागतात, आणि अगदी जवळ आले की आवाज लाटांनी चढू-उतरू लागतो. एक ४४० वर, दुसरा ४४३ वर, तर सेकंदाला तीन लाटा. ४४१ वर आणला तर एकच, संथ. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा ज्यांनी मिळवल्या आहेत त्यांना ही लाट ठाऊक असते; तार मिळवणं म्हणजे या लाटेला लांबवत लांबवत नाहीशी करणं. पेटीवर मात्र ती पुरती नाहीशी होत नाही. ॲनालॉग ऑसिलेटर उष्णतेला फार हळवा असतो. आतले ट्रान्झिस्टर तापमानाप्रमाणे मन बदलतात. दुपारी पडवीत ऊन सरकलं की सूरही सरकतो, आणि निजलेली लाट पुन्हा जागी होते. या सरकण्यापायीच दोन ऑसिलेटरचा सूर भरल्यासारखा, श्वास घेतल्यासारखा वाटतो. डिजिटल यंत्रं बनवणारे आता हा दोष मुद्दाम गणिताने घालतात.

पहिल्यांदा ही तीन लाटांची चढउतार ऐकली तेव्हा मला समुद्र आठवला, आणि ती आठवण अचूकच होती. उधाण आणि भांग म्हणजे तरी काय? दोन जवळजवळ सारख्या वेगाच्या लहरी, आणि त्यांच्यातल्या फरकाने उठणारी तिसरी, संथ हालचाल. तीन लाटांना एक सेकंद लागतो, एका उधाणाला पंधरवडा. गणिताला त्याचं काही देणंघेणं नाही.

पण ही सगळी बेरीज आहे. हे नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. दोन ऑसिलेटर नुसते एकत्र ऐकवले तर हवेत उठतात त्या लहरी दोनच. लाट जाणवते, पण तिसरा सूर जन्मत नाही. चंद्र चंद्राचं काम करतो, सूर्य सूर्याचं. पाणी दोघांचं ऐकतं आणि दोघांना वेगळं ठेवतं. म्हणून तर भरतीचं भाकीत करता येतं. विल्यम टॉम्सन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, याने १८७० च्या दशकात त्यासाठी एक यंत्र उभं केलं आणि १८७९ मध्ये हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी एडवर्ड रॉबर्ट्सच्या आखणीतून तसंच दुसरं यंत्र इंग्लंडात तयार झालं. चंद्रासाठी एक कप्पी, सूर्यासाठी एक, चंद्र जवळ-लांब होतो त्यासाठी आणखी एक, अशा वीसेक कप्प्या, प्रत्येकीचा वेग वेगळा. त्या सगळ्यांवरून ओवलेली एकच लांब तार आणि तारेच्या टोकाला लेखणी. हँडल फिरवत बसलं की कागदावर येत्या वर्षाचा समुद्र उमटत जायचा. हे यंत्र तयार झालं तेव्हा केशवसुत तेरा वर्षांचे होते. मला तो भारताच्या वाट्याला आलेला पहिला ॲनालॉग सिंथेसायझर वाटतो. आवाज नाही एवढंच.

आता गुणाकार.

एका दुपारी मी पहिल्या ऑसिलेटरची वायर दुसऱ्याबरोबर रिंग मॉड्युलेटर नावाच्या भागात खोचली आणि नॉब फिरवू लागलो. मामी ओटीवर रातांबे फोडत बसली होती. बोटं जांभळी झालेली, समोर परातीत सालं वेगळी, बिया वेगळ्या. आतून कुईं करत वर चढणारा, मग घोगरा होत खाली उतरणारा, मधेच काचेसारखा फुटणारा आवाज आला तशी तिने मान वळवली.

"काय रे, रेडिओ बिघडवलास की काय मामांचा?"

"रेडिओ नाही गं मामी. सिंथेसायझर आहे."

"मग रेडिओसारखं का कोकलतंय ते?"

मी काहीतरी समजावायला गेलो आणि मधेच थांबलो, कारण प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. ते रेडिओसारखं कोकलत होतं, कारण आत घडत होतं ते रेडिओत घडतं तेच.

त्या घरात रेडिओ हा मोठा विषय होता. संध्याकाळी मामा खुर्ची ओढून बसायचे आणि मिडियमवेव्हवर सुई फिरवायचे. ५५८ वर मुंबई ब, १०४४ वर मुंबई अ, ११४३ वर आपलं रत्नागिरी. दिवसा शहाण्यासारखी जागेवर असलेली ही केंद्रं रात्री एकमेकांच्या अंगणात शिरायची. अंधार पडला की वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर दूरदूरच्या मिडियमवेव्ह लहरी परतवून खाली पाठवतो. मग नाट्यसंगीताच्या मागे कुठली तरी अरबी बातमी, आणि सुई सरकवताना ती लांबलचक शिट्टी, वरून खाली, शून्यात बुडून पुन्हा वर. मामा त्या शिट्टीला वैतागायचे. मी लहानपणी फक्त तिच्यासाठी जवळ बसायचो.

रत्नागिरी केंद्राची लहर सेकंदाला ११ लाख ४३ हजार वेळा हेलकावे खाते. ती कोणाला ऐकू येत नाही. बातम्या देणाऱ्याचा आवाज हा त्या लहरीशेजारी बसवलेला नसतो, तिच्या अंगात घातलेला असतो: आवाज चढला की लहरीची उंची वाढते, उतरला की घटते. एका कंपनाने दुसऱ्याला गुणायचं. यालाच मॉड्युलेशन म्हणतात. आणि घरातला रेडिओ ते उलगडतो तेही गुणूनच. त्याच्या पोटात स्वतःचा एक छोटा ऑसिलेटर असतो, बहुतेक संचांत आलेल्या केंद्राच्या ४५५ किलोहर्ट्झ वर चालणारा. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळल्या की त्यांच्यातला फरक वेगळा होऊन बाहेर पडतो, आणि रेडिओ पुढचं सगळं काम त्या फरकावर करतो. शिट्टी म्हणजे अशाच दोन लहरींमधला फरक, योगायोगाने कानाच्या टप्प्यात येऊन पडलेला. रशियात १९२० च्या सुमाराला ल्येव तेर्मेनने या शिट्टीचंच वाद्य केलं. हात जवळ नेला की सूर चढतो, मागे घेतला की उतरतो, स्पर्श कशालाच नाही. थेरेमिन ते हेच. रॉबर्ट मूगने १९६४ मध्ये आपला पहिला सिंथेसायझर घडवला त्याआधी तो कित्येक वर्षं थेरेमिन बनवून विकत होता. म्हणजे मामीचं निदान वंशावळीसकट बरोबर होतं.

रिंग मॉड्युलेटरला ४४० आणि ३०० असे दोन सूर दिले तर बाहेर येतात ७४० आणि १४०, बेरीज आणि वजाबाकी. आत गेलेले दोघेही बाहेर येत नाहीत. पहिल्यांदा हे ऐकताना मला थोडी भीती वाटली होती. आईबाप नाहीसे होतात आणि दोन अनोळखी मुलं दारात उभी राहतात. त्या मुलांचं आपापसातलं नातंही सरळ नसतं. ७४० आणि १४० मध्ये गोड म्हणावं असं काही नाही, म्हणून तो आवाज धातूचा, फुटका, परका वाटतो.

याहून मला प्रिय आहे ती दुसरी तऱ्हा. एका ऑसिलेटरने दुसऱ्याची उंची न हलवता सूरच हलवायचा. सुरुवात अगदी ओळखीची होते. दुसऱ्या ऑसिलेटरला सेकंदाला सहा वेळा हलायला सांगा: सूर थरथरतो, चांगल्या गळ्यातल्या कंपासारखा. वेग वाढवा, आठ, दहा, बारा. थरथर ताणलेली, चिडलेली होते. पंधरा, अठरा. आता कान धावत सुटलेला असतो, प्रत्येक हेलकावा मोजायचा प्रयत्न करत. आणि विसाच्या पुढे कुठेतरी, नेमकं कुठे ते प्रत्येक वेळी निसटतं, कान मोजणं सोडून देतो. हालचाल ऐकू येईनाशी होते. तिच्या जागी रंग येतो. सूर हलतो आहे असं वाटायचं थांबतं आणि सूर वेगळ्या वस्तूचा आहे असं वाटू लागतं: बासरीचा होता, तो पितळेचा झाला. आत हालचाल चालूच आहे, आधीपेक्षा कितीतरी जोरात. फक्त ती आता स्वभाव झाली आहे.

हे का होतं ते कागदावर मांडता येतं. मूळ सूर ४०० चा, त्याला हलवणारा १०० चा. मग ४०० च्या दोन्ही अंगांना पाहुणे उभे राहतात: ३०० आणि ५००, २०० आणि ६००, आणि पुढे. सगळे शंभराच्या पाढ्यातले, म्हणून कानाला एक भरदार, एकजीव सूर मिळतो. आता हलवणारा १४१ चा करा. ५४१ आणि २५९, ६८२ आणि ११८. कोणाचा कोणाशी पाढा जुळत नाही, आणि ऐकू येते घंटा. देवळाच्या घंटेतही असंच असतं. तिच्या आतले सूर एका पाढ्यात बसत नाहीत, म्हणून तर ती कुठल्याच स्वरात नेमकी सापडत नाही आणि सगळ्या गावाला ऐकू येते. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंगला १९६७ मध्ये संगणकावर कंप वाढवत नेताना हाच उंबरठा लागला. त्याने १९७३ मध्ये त्यावर लिहिलं, यामाहाने ती कल्पना घेतली आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ हा सिंथेसायझर बाजारात आणला. पुढची काही वर्षं सिनेमातल्या निम्म्या घंटा आणि काचेचे पियानो त्यातून आले असावेत असं ती गाणी ऐकताना वाटतं. पण चाउनिंगचं काम अंकांचं होतं. ॲनालॉगच्या बाजूला डॉन बुकला कॅलिफोर्नियात आधीपासून असे ऑसिलेटर बनवत होता ज्यांचा मुख्य धंदाच एकाने दुसऱ्याला हलवणं हा होता, आणि त्याला पियानोसारखा कळफलक नकोच होता. कळफलक आला की माणूस जुनंच वाजवतो, असं त्याला वाटे. मला पटतं.

आपल्याकडे सूर हलवण्याची परंपरा जुनी आणि श्रीमंत आहे. दरबारीचा गंधार जागेवर उभा राहिला तर तो दरबारीचा राहत नाही. आंदोलन, गमक, मींड, हे सगळं सुराच्या हालचालीचं शास्त्र. पण गळा त्या विसाच्या उंबरठ्याअलीकडेच राहतो. सेकंदाला सहा-सात हेलकावे ही त्याची सहज चाल. हालचाल हालचाल म्हणूनच ऐकू यावी, हेच तर आपल्या गायकीला हवं असतं. मग उंबरठ्यापलीकडचं आपल्याला अगदी अपरिचित आहे का? मिरजेला गेलं तर तसं म्हणवत नाही.

मिरजेत १९ व्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्यं घडतात. फरीदसाहेब सतारमेकर हे त्या परंपरेतलं आद्य नाव. तिथे एका दुकानात मी जवारी काढताना पाहिली आहे. कारागीर सतार आडवी घेऊन बसतो. तारा ज्या घोडीवरून जातात तिची पाठ सपाट दिसते पण नसते. अगदी पुसट उतार असतो तिला. तो कानशीचे दोन हात मारतो, फुंकर घालतो, तारा परत चढवतो, छेडतो, डोकं एका बाजूला कलतं, पुन्हा तारा उतरवतो. काय कमी झालं ते डोळ्यांना दिसत नाही. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तोच पडदा, तीच तार, आणि सूर एकदम उघडतो, झण्ण करून लांबपर्यंत जातो. तो फक्त म्हणाला, "आता बोलली."

जे घडलं ते असं. तार हलते तेव्हा ती त्या पुसट उतारावर टेकते आणि सुटते, दर हेलकाव्याला. टेकली की तारेची लांबी केसभर कमी, सुटली की पूर्ववत. म्हणजे तार स्वतःच्याच कंपनाने स्वतःची लांबी हलवते, आणि तेही सेकंदाला शेकडो वेळा. तंबोऱ्यात हेच काम घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा नेमकं करतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिताना एक विचित्र गोष्ट टिपली: तार बरोबर मध्यावर छेडली तर तिच्यातले सम क्रमांकाचे स्वरांश उमटूच नयेत, नियम तसा आहे, तंबोऱ्यात ते खणखणीत उमटतात. घोडी नुसती आधार देत नाही, ती लहरीत ढवळाढवळ करते. विसाच्या पलीकडचा तो रंग आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोपऱ्यात खोळ घालून उभा आहे. आपण त्याला मॉड्युलेशन म्हणत नाही एवढंच.

'सतारीचे बोल' ही कविता मालगुंडच्या माणसाने लिहावी हे मला म्हणूनच फार बरं वाटतं. काळोखात, मन विटलेल्या अवस्थेत बाहेर पडलेला माणूस, कुठल्या तरी खिडकीतून येणारी सतार आणि तिने त्याच्या आत केलेला पालट, एवढाच तिचा ऐवज. सतार त्याच्या दुःखाशेजारी वाजत नाही; ती त्याच्यात शिरते, कडव्याकडव्याने त्याची लहर बदलत जाते. केशवसुतांचं एकूण कामच या जातीचं. १८९२ च्या 'मयूरासन आणि ताजमहाल' पासून त्यांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणलं, पण ते आणताना शार्दूलविक्रीडित सोडलं नाही. इंग्रजी चौदा ओळी संस्कृत वृत्ताच्या शेजारी ठेवल्या असत्या तर ती बेरीज झाली असती. त्यांनी एकाला दुसऱ्याच्या पोटात चालवलं, आणि बाहेर आलं ते ना इंग्रजी ना संस्कृत. गावातलं त्यांचं स्मारक १९९४ मध्ये झालं. कौलारू जुनं घर, आवारात दगडांवर कविता. सहलीची मुलं दगडापुढे फोटो काढून समुद्राकडे पळतात, आणि पळावंच त्यांनी.

समुद्राबद्दल वर मी म्हटलं की तो बेरीज करतो. खुल्या समुद्रापुरतं ते खरं आहे. खाडीत शिरल्यावर पाण्याचा स्वभाव पालटतो. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. म्हणून भरतीचा माथा खोल पाण्यावरून भरभर येतो आणि ओहोटीचा तळ उथळावरून रखडत. लहर स्वतःच स्वतःचा वेग हलवू लागते. पुष्कळ उथळ खाड्यांत भरती पटकन चढते आणि ओहोटी रेंगाळते ती यामुळे. आणि मग चंद्र-सूर्यही एकमेकांपासून वेगळे राहत नाहीत. त्यांच्या दोन वेगांची बेरीज होऊन सहा तासांच्या आसपासची एक नवी लहर उठते, वजाबाकी होऊन पंधरवड्याची दुसरी. ही पंधरवड्याची लहर उधाण-भांगाच्या चढउतारासारखी नुसती भासणारी नसते. पाण्याची सरासरी पातळीच खरोखर वर-खाली होते. ७४० आणि १४० सारखीच ही दोन मुलं, आकाशातल्या कोणाचीच नसलेली, खाडीच्या चिखलात जन्मलेली. भरतीशास्त्रात त्यांना स्वतंत्र नावं आहेत, त्यांच्यासाठी स्वतंत्र आकडे धरावे लागतात. वरवड्याच्या खाडीवर, जयगडच्या खाडीवर पाणी चढताना पाहत उभं राहिलं की आता मला ते जाणवतं. समोर वाळूवर बेरीज चालू आहे आणि इथे, खारफुटीच्या मुळांशी, गुणाकार.

पेटीवर एक शेवटचा प्रयोग उरतो. पहिल्याने दुसऱ्याला हलवायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने पहिल्याला. हळू सुरुवात केली तर दोघे काही काळ समजुतीने चालतात, एखाद्या साध्या प्रमाणात अडकून स्थिर होतात, तीनास दोन, चारास तीन. नॉब जरा पुढे गेला की स्थैर्य फुटतं. सूर नाहीसा होतो, उरतो खवळलेला सरसराट, ज्यात कधी सूर डोकावतो आणि जातो. आगोटीनंतरचा समुद्र असा असतो. त्यात चंद्र असतो, सूर्य असतो, वाराही असतो, पण कोण कुठला ते सांगता येत नाही, आणि होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात.

इतकं सगळं ज्यात आहे त्या वाद्याला आपल्याकडे नकली का म्हणतात? मला वाटतं, आपण त्याला पहिल्यापासून नकला करायला लावलं म्हणून. १९५४ च्या 'नागिन' मधली गाजलेली बीन कल्याणजींनी क्लॅव्हियोलिनवर वाजवली होती. यंत्राने बीन इतकी हुबेहूब काढली की लोक बीनच समजले. तिथून एक पायंडा पडला. कीबोर्ड घ्यायचा तो त्यात सनई आहे का, व्हायोलिन आहे का, ढोलकी आहे का हे पाहून. लग्नाचा ऑर्केस्ट्रा, गणपतीतली मंडळं, आता जाखडीच्या फडातही हीच यादी तपासली जाते. नक्कल म्हटली की ती मुळापेक्षा उणीच ठरणार. उलट, ज्यांनी यंत्राला यंत्र म्हणून वाजवू दिलं त्यांच्याकडे आपण बघितलंच नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर उभा केला, तिथल्या मंडळींनी त्यावर खरोखर नवे आवाज शोधले, आणि त्या फिती कपाटात पडून राहिल्या. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ज्युपिटर-८ आणि सोबतीला दोन रोलंड यंत्रं घेऊन दहा रागांची तबकडी केली. तेव्हा तिला कोणी विचारलं नाही, आणि पंचवीसहून अधिक वर्षांनी युरोपातल्या लोकांनी ती डोक्यावर घेतली तेव्हा आपल्याला कळलं की असं काही झालं होतं. त्या तबकडीतल्या भैरवात सतार नाही, सारंगी नाही. सतारीची नक्कलही नाही. विजेचा हलता सूर आहे, आणि भैरव आहे.

सिंथेसायझर विकत घ्या असं मी कोणाला म्हणणार नाही. महाग असतो आणि घरचे कंटाळतात. पण माळ्यावर जुना मिडियमवेव्ह रेडिओ असेल तर तो भंगारात देऊ नका. शेजाऱ्याकडून दुसरा मागून आणा. एक हजारावरच्या एखाद्या केंद्रावर लावा, रत्नागिरीच्या ११४३ वर समजा. दुसरा त्याच्या अगदी जवळ ठेवून त्याची सुई ४५५ ने खाली, म्हणजे ६८८ च्या आसपास, अगदी सावकाश फिरवा. त्याच्या पोटातला ऑसिलेटर पहिल्याच्या केंद्रावर येऊन बसेल आणि पहिल्या रेडिओतून ती शिट्टी निघेल, वरून खाली, शून्यात, पुन्हा वर. सुई शून्याच्या अलीकडे-पलीकडे हलवत पाच मिनिटं ऐका. नकली-असलीचं मत त्यानंतर द्या.